सरकता पट आणि कथनाची लय

१

साहित्यसमीक्षेने ज्याची दखल घ्यावयाचे कारण नाही, असा सर्वसाधारण समज आहे अशा एका विषयाची चर्चा येथे करावयाची आहे. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरील मजकूर बोटाने वर सारीत वाचण्याची सवय आता आपणां सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. या सारण्याच्या क्रियेलाच, म्हणजे ज्याला आपण बोलताना सर्रास ‘स्क्रोल करणे’ म्हणतो तिला, कथनाचे साधन बनविण्याचा प्रयत्न गेली पंधराएक वर्षे जगभर चालू आहे. वाचकाचे बोट जसजसे सरते तसतसा मजकूर पुढे जातो. त्याच्या मागचे चित्र मात्र जागीच थांबून राहते आणि परिच्छेद बदलला की बदलते. एखादा नकाशा दुरून जवळ येतो. पुढची आकृती झपाट्याने सरकते आणि मागचे डोंगर सावकाश हलतात. आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहताना रुळालगतचे खांब पळतात आणि क्षितिजावरची टेकडी आपल्याबरोबर चालत राहते, त्या अनुभवाची ही नक्कल असते. या प्रकाराला ‘पॅरलॅक्स’ हे खगोलशास्त्रातून आलेले नाव आहे.

हे सारे तंत्रज्ञांच्या आणि जाहिरातवाल्यांच्या कक्षेतले, त्याचा वाङ्मयाशी संबंध काय, असा आक्षेप येथे सहज घेतला जाईल. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. या क्लृप्त्यांचा बहुतांश उपयोग वस्तू विकण्यासाठीच होतो. परंतु छापखानासुद्धा प्रथमतः वाङ्मयाच्या सेवेसाठी जन्मला नव्हता. प्रश्न साधनाच्या कुळाचा नसून त्या साधनाने कथनाला काय दिले आणि त्याच्याकडून काय हिरावून घेतले, याचा आहे. शिवाय दुसरेही एक कारण आहे. मराठी वाचकाचे वाचन आता फार मोठ्या प्रमाणावर हातातल्या लहानशा पडद्यावर होते. तेथे वाक्य कोठे थांबते, चित्र केव्हा येते, पुढचा शब्द किती वेळाने दिसतो, हे ठरविणारा माणूस पुष्कळदा लेखक नसतोच. तो रचनाकार असतो, आणि त्याला मराठी येत असेलच असे नाही. लय ही जर वाङ्मयाची प्राणभूत गोष्ट असेल, तर ती परस्पर कोणाच्या हाती गेली आहे याची चौकशी करणे हे समीक्षेचे कर्तव्यच ठरते.

२

नवे म्हणून मिरविणारे साधन खरोखर किती नवे आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्यासाठी फार दूर जावयास नको. प्रस्तुत लेखक ज्या चेन्नई शहरात राहतो, तेथे एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पांचे दालन आहे. त्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे, नालगिरी हत्तीच्या दमनाचे एक वर्तुळाकार शिल्प आहे. या एकाच वर्तुळात हत्ती दोनदा येतो. डाव्या अंगाला तो उन्मत्त होऊन रस्त्यात माणसे चिरडतो आहे, लोक भयाने खिडक्यांतून पाहत आहेत. उजव्या अंगाला तोच हत्ती बुद्धाच्या चरणी नतमस्तक झाला आहे. दगड हलत नाही. पाहणाऱ्याची नजर हलते आणि त्या नजरेच्या प्रवासात काळ घडतो. स्थिर माध्यमातून कालक्रम सांगण्याची ही युक्ती जवळजवळ दोन हजार वर्षांची आहे.

याच तमिळ प्रदेशात मराठी भाषेनेही असा एक पट घडविला आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास कोरवून घेतला. मराठीतील अतिदीर्घ शिलालेखांत त्याची गणना होते. तो वाचावयाचा म्हणजे भिंतीच्या कडेने चालावयाचे. येथे मजकूर स्थिर असतो आणि वाचक सरकतो. एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना पाय उचलावे लागतात. वंशाचे दीर्घत्व वाचकाला आकड्यांतून कळण्याआधी पायांतून कळते. कोरविणाऱ्यांच्या मनात हा परिणाम होता की नव्हता, हे सांगणे कठीण आहे. परंतु परिणाम घडतो, आणि समीक्षेला तेवढे पुरे.

महाराष्ट्रात परत आलो तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे चित्रकथी डोळ्यांसमोर येतात. तेथील ठाकर समाजातील कलावंत सुट्या कागदांवर रंगविलेल्या चित्रांची पोथी श्रोत्यांपुढे ठेवतात आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने सांगत एकेक चित्र पुढे आणतात. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली, तेव्हा नागर वाचकांपैकी कित्येकांना या कलेचे नाव प्रथमच ऐकावयास मिळाले असेल. या कलेत एक चित्र पुढे आले की आधीचे झाकले जाते. चित्र केव्हा बदलावयाचे हे सर्वस्वी कथेकऱ्याच्या हाती असते. परंतु हा अधिकार तो आंधळेपणाने वापरीत नाही. समोर बसलेल्यांचे चेहरे त्याला दिसत असतात. सीतेच्या विलापाशी श्रोता रेंगाळला तर तोही रेंगाळतो.

बंगालच्या मेदिनीपूर भागातील पटुआ चित्रकारांची रीत थोडी निराळी आहे. त्यांचा पट म्हणजे एकाखाली एक चित्रे असलेली लांबच लांब गुंडाळी. तो हळूहळू उलगडीत, चित्रावर बोट ठेवीत ते गाणे म्हणतात. या पटाची चेन्नईशी एक गाठ पडली आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीवर या पटुआंनी गीते रचली व पट रंगविले. त्यांतील जयदेव आणि मोयना चित्रकार यांच्या पटावरून चेन्नईच्या ‘तारा बुक्स’ या प्रकाशनसंस्थेने २००९ मध्ये ‘त्सुनामी’ नावाचे पुस्तक काढले. ते हातकागदावर हाताने छापलेले आहे, आणि पाने उलटण्याऐवजी घड्या उलगडीत वाचावयाचे आहे. ज्या किनाऱ्यावर ती लाट प्रत्यक्ष आदळली, त्याच किनाऱ्यावरील शहरातून बंगालच्या गायकांचा पट पुस्तकरूपाने बाहेर पडावा, हा योग अर्थपूर्ण आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने या पुस्तकाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. गाणारा पटुआ येथे नाही. उलगडण्याचे काम आता वाचकाचे हात करतात. म्हणजे कथेची गती गायकाच्या हातून वाचकाच्या हाती आली. पडद्यावरील सरकत्या कथनात जे घडते तेच येथे कागदावर घडले आहे. फरक इतकाच, आणि तो लहान नव्हे, की हा कागद जमिनीवर संपूर्ण पसरून ठेवता येतो. आरंभ आणि अंत एका दृष्टिक्षेपात येतात. तंजावरच्या भिंतीपासूनही चार पावले मागे सरता येते. पडद्यावरच्या कथेला मात्र खिडकीएवढाच चेहरा असतो. तिचे संपूर्ण अंग वाचकाला कधीच दिसत नाही. जे वर गेले ते गेले, आणि जे खाली आहे ते अजून आलेले नाही.

३

या उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. सरकत्या कथनाचे स्वरूप ठरविणारा मूळ प्रश्न असा की, गती कोणाच्या हाती आहे? शिल्पात ती नजरेच्या हाती आहे, शिलालेखात पायांच्या, चित्रकथीत कथेकऱ्याच्या आणि पटपुस्तकात वाचकाच्या हातांच्या. पडद्यावर ती वरकरणी वाचकाच्या बोटात असते. परंतु त्या बोटाच्या हालचालीला कोणते फळ द्यावयाचे, हे रचनाकाराने अगोदरच ठरवून ठेवलेले असते. ही विभागलेली सत्ता हेच या माध्यमाचे वैशिष्ट्य आणि हीच त्याची अडचण होय.

लेसिंगने १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाओकोऑन’ या ग्रंथात चित्र आणि काव्य यांच्या सीमा आखून दिल्या. चित्राचे क्षेत्र अवकाशात एकत्र नांदणाऱ्या वस्तूंचे, आणि काव्याचे क्षेत्र कालात एकामागून एक येणाऱ्या घटनांचे, असे त्याच्या विवेचनाचे सार सांगता येईल. सरकता पट ही सीमारेषा पुसतो असे त्याचे पुरस्कर्ते म्हणतील. तसे म्हणणे घाईचे आहे. वास्तविक तो अवकाशाला कालाच्या ताब्यात देतो: चित्र असते, पण ते वाक्याच्या अनुमतीनेच दिसते. म्हणून त्याची पारख चित्राच्या नियमांनी न करता लयीच्या नियमांनीच करावी लागेल.

लयीचे नाव घेताच मराठी वाचकाला मर्ढेकरांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संग्रहित झालेल्या त्यांच्या विचारात संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे मानली आहेत. त्यांच्या सिद्धांताचे सर्व परिणाम मान्य करावे असे नाही. तथापि प्रस्तुत प्रश्नाला त्याचा चांगला उपयोग होतो. बोटाची हालचाल, चित्राचा पालट आणि वाक्याचा ओघ या तीन गती सरकत्या कथनात एकत्र येतात. त्या एकमेकींशी संवाद साधतील, किंवा हेतुपुरस्सर विरोध करतील, किंवा एकीचे आधिक्य दुसरीच्या संयमाने तोलले जाईल, तर तेथे घाट निर्माण होतो. यांपैकी काहीच घडत नसेल, तर चित्र हलते आणि वाक्य चालते एवढेच म्हणता येईल. अशी हालचाल अलंकाराच्या पातळीवरसुद्धा पोहोचत नाही, कारण अलंकारालाही अलंकार्य लागते.

४

आता काही कृतींकडे वळू. या प्रकाराची ख्याती ज्या लेखनाने झाली ते म्हणजे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘स्नो फॉल’. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत हिमस्खलनात तीन स्कीपटू दगावले. त्या घटनेची जॉन ब्रँच यांनी सहा भागांत सांगितलेली ही हकीकत. तिला २०१३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आरंभीच उतारावरून भुरभुरणारे हिम दिसते; पुढे वाचक मजकूर सारीत असता डोंगराची आकृती जिवंत होऊन कडे, घळी आणि उतार यांवरून त्याला फिरवून आणते. या लेखनाचा गौरव झाला तो यांत्रिक चमत्कृतीसाठी, असे अनेकांनी मानले आणि तिचे अनुकरणही त्या अंगानेच केले. परंतु त्याचे बळ अन्यत्र आहे. त्यातील गद्य स्वतःच्या पायांवर उभे आहे. चित्रे काढून घेतली तरी हकीकत पांगळी होत नाही. डोंगराची हलती आकृती जेथे येते, तेथे ती वर्णनाला ज्याचा भार झाला असता ते काम उचलते. कोण कोठे उभा होता, घळ कोणत्या बाजूला वळत होती, हे शब्दांनी सांगता सांगता वाचक थकला असता. जेथे ती केवळ वातावरणासाठी येते, तेथे मात्र एकदा पाहिल्यावर दुसऱ्यांदा पाहण्याचे कारण उरत नाही.

याच्या अगदी उलट टोकाची कृती म्हणजे जॉश वर्थ यांनी २०१४ मध्ये केलेला सूर्यमालेचा आडवा पट. चंद्र पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढा धरला तर सूर्यमाला केवढी होईल, एवढीच त्यामागची कल्पना. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर आणि सूर्य-पृथ्वी अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर. तेव्हा हिशेबाने सूर्यापासून पृथ्वीपर्यंत पोहोचावयास सुमारे ४३ हजार ठिपके ओलांडावे लागतात. वाचक बोट सारीत राहतो आणि पडदा काळाच राहतो. मधूनमधून एखादे वाक्य भेटते, पुन्हा काळोख. येथे जवळजवळ चित्रच नाही. आणि तरीही सरकविण्याची क्रिया येथे जितकी अर्थपूर्ण आहे तितकी ती मला अन्यत्र क्वचितच आढळली. रिकामेपणा हा या कथनाचा आशय आहे, आणि तो आशय बोटाच्या थकव्यातून प्रतीत होतो. तंजावरच्या भिंतीशी या पटाचे नाते उघड आहे: दोन्हीकडे अंतर सांगितले जात नाही, ते चालावे लागते.

तिसरे उदाहरण कथावाङ्मयातले आहे. व्हिएतनाममधून निर्वासित झालेल्या कुटुंबात जन्मलेले ऑस्ट्रेलियन लेखक नाम ले यांच्या ‘द बोट’ या कथेचे चित्रकार मॅट हुइन यांनी केलेले रूपांतर ऑस्ट्रेलियाच्या एसबीएस या प्रसारणसंस्थेने २०१५ मध्ये पडद्यावर आणले. सोळा वर्षांची माई एकटी, गर्दीने भरलेल्या होडीतून समुद्रावर निघते. शाईच्या काळ्या फटकाऱ्यांनी काढलेली चित्रे वाचकाच्या बोटासरशी वर सरकतात. वादळ येते तेव्हा चित्रांच्या चौकटी आणि मजकूर दोन्ही हेलकावे खाऊ लागतात. वादळात वाक्य डोलविणे हा वरवर पाहता पोरखेळ वाटेल. परंतु या ठिकाणी त्याचे समर्थन करता येते, कारण होडीतल्या माणसांना जे नाकारले गेले आहे, म्हणजे पायांखालची स्थिर भूमी, तेच येथे वाचकालाही नाकारले जाते. मर्ढेकरांच्या परिभाषेत हा संवाद होय. माझी तक्रार वेगळी आहे. वादळ ओसरल्यावर उपासमार आणि मृत्यू येतात. तेथे स्थिरतेची गरज होती आणि तेथे पडदा पुष्कळसा स्थिर होतोही. परंतु वादळाची चटक लागलेले बोट आता शांत प्रसंगावरूनही त्याच वेगाने घसरू पाहते. आधीच्या हालचालीने वाचकाची जी सवय घडविली ती नंतरच्या शांततेला मारक ठरते. चित्रकथी येथे थांबला असता. त्याने पुढचे चित्र उचललेच नसते.

यंत्राची मर्यादा नेमकी येथे आहे. वाचकाचे बोट कोठवर आले हे यंत्राला कळते. ते तेथे का थांबले हे कळत नाही. वाचक गहिवरून थांबला की त्याला कोणी हाक मारली, या दोहोंत त्याला भेद नाही. म्हणून काही रचनाकार वाचकाच्या बोटावर विश्वास न ठेवता त्याची गतीच बळकावतात: बोट थोडे सारले तरी पडदा भलताच पुढे उडी घेतो, किंवा कितीही सारले तरी ठरलेली हालचाल पुरी होईपर्यंत जागचा हलत नाही. हा कथेकऱ्याचा अधिकार कथेकऱ्याच्या डोळ्यांवाचून गाजविणे झाले. यात केवळ रुचीचा प्रश्न नाही. २०१३ मध्ये आयफोनच्या नव्या प्रणालीतील सरकत्या देखाव्यांमुळे भोवळ येते, मळमळते, अशा तक्रारी अनेकांनी केल्या आणि हालचाल कमी करण्याची सोय पुढे वाढवावी लागली. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळ-मार्गदर्शक तत्त्वांतही वाचकाच्या क्रियेमुळे सुरू होणारी अनावश्यक हालचाल त्याला बंद करता यावी, अशी सर्वोच्च पातळीवरील अपेक्षा नमूद झाली आहे. जी हालचाल बंद केल्यावर कथेचे काहीच बिघडत नाही ती मुळात हवी होती काय, हा प्रश्न या सोयीने आयताच उभा केला आहे. समीक्षकाने तो कसोटी म्हणून वापरण्यास हरकत नाही.

आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आझा रास्किन यांनी २००६ मध्ये योजलेला आणि पुढे त्यांनी स्वतःच ज्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला तो न संपणारा पट, आणि आपण ज्याची चर्चा करीत आहोत तो कथनाचा पट, यांत बोटाची क्रिया एकच आहे. परंतु एकाला शेवट नाही. कथेला शेवट असतो. आपल्या पोथ्या फलश्रुतीने संपतात, आख्यान आरतीने संपते. पुढे काय या उत्सुकतेला जेथे शेवटाचे वचन नाही, तेथे ती उत्सुकता न राहता चाळा होतो. सरकत्या कथनाने या चाळ्याच्याच शेजारी घर केले आहे, हा त्याचा सर्वांत मोठा धोका होय.

५

येथवरचे विवेचन कोणत्याही भाषेला लागू पडेल. आता खास मराठीचा प्रश्न. गेल्या काही वर्षांत अशा सरकत्या हकीकतींच्या मराठी अनुवादाची कामे प्रस्तुत लेखकाकडे आली. अशा वेळी अनुवादकाच्या हाती कथा येत नाही. एक तक्ता येतो. त्यात ओळीने चौकोन असतात, डाव्या चौकोनात इंग्रजी तुकडा आणि उजवा चौकोन रिकामा. प्रत्येक तुकड्याला अक्षरांची मर्यादा घातलेली असते. कोणत्या तुकड्यापाशी कोणते चित्र येणार हे अनुवादकाला सांगितलेच जाते असे नाही.

एका हकीकतीत पुराचे वर्णन होते. इंग्रजीत प्रथम ‘नदीने ओलांडला’ या अर्थाचे शब्द, मग ‘बांध’, आणि अखेरीस ‘गाव झोपेत असताना’, अशा क्रमाने एक वाक्य तीन पायऱ्यांत तोडलेले होते. पहिल्या पायरीला पाणी चढते, दुसरीला बांध दिसतो, तिसरीला अंधारातली घरे. मराठीत सरळ वाक्य होते ते असे: ‘गाव झोपेत असताना नदीने बांध ओलांडला.’ क्रियापद अखेरीस येते, आणि गाव आरंभी. तुकड्यांचा क्रम चित्रांनी बांधलेला असल्यामुळे घरांच्या जागी पाणी दिसू लागले, आणि ‘ओलांडला’ हा शब्द पोहोचण्यापूर्वी दोन चित्रे आधी पूर येऊन गेला होता. चित्राने वाक्याची चहाडी केली. इंग्रजीचा क्रम तसाच ठेवून ‘नदीने ओलांडला, बांध, गाव झोपेत असताना’ असे लिहावे, तर ती मराठी राहत नाही. छापील पानावर ही अडचण कधी जाणवली नव्हती, कारण तेथे संपूर्ण वाक्य एकदम डोळ्यांपुढे असते. सरकता पट वाक्याला कालात ताणतो, आणि ताणल्याबरोबर प्रत्येक भाषेची हाडे दिसू लागतात.

यावरून मराठी या माध्यमाला अयोग्य आहे असा निष्कर्ष काढणारे भेटतील. माझे मत नेमके उलट आहे. क्रियापद अखेरीस राखून ठेवणारी भाषा ही स्वभावतःच अपेक्षा ताणून धरणारी भाषा आहे. शिवाय मराठीत ‘जो-तो’, ‘जेव्हा-तेव्हा’, ‘ज्या-त्या’ अशी जोडवाक्यांची जी रचना आहे, ती तर पायरीपायरीने उलगडण्यासाठीच घडविल्यासारखी वाटते. ‘ज्या बांधाच्या भरवशावर गाव निजले होते’ एवढी एक पायरी. वाचकाला ठाऊक असते की वाक्य पुरे झालेले नाही, काहीतरी येणे आहे. चित्रात निजलेली घरे. मग बोट सरते: ‘तोच बांध पहाटे फुटला.’ चित्रात पाणी. येथे वाक्याची गती, चित्राची गती आणि बोटाची गती यांचा संवाद जुळतो, आणि तो इंग्रजीतून उसना आणलेला नसतो. ‘-ऊन’ प्रत्ययाने एकामागून एक क्रिया ओवीत जाणारी आपली गोष्टीची भाषा, ‘उठून, दार उघडून, कंदील घेऊन तो बाहेर आला’, हीसुद्धा अशीच पायऱ्यांची भाषा आहे. आजीच्या तोंडून गोष्ट ऐकताना ‘मग?’ असे आपण जेथे विचारीत असू, तेथे आता बोट सारावयाचे आहे.

परंतु हे साधावयाचे तर एक अट आहे. रचना मराठीतच झाली पाहिजे, किंवा निदान अनुवादकाला पायऱ्या मोडून नव्याने बांधण्याचा अधिकार असला पाहिजे. वर सांगितलेल्या प्रसंगी मी दुसऱ्या आणि तिसऱ्या चित्राचा क्रम बदलावा अशी विनंती केली. चित्रे सर्व भाषांना सामाईक आहेत, तेव्हा तसे करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. अखेर मजकूर जोडवाक्यात बसविला आणि मधली पायरी जवळजवळ मुकी ठेवली. वाचकाला त्यात काही खटकले नसेल. मला अजून खटकते. तीच गोष्ट अक्षरांची. देवनागरीला ओळीच्या वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. रोमन अक्षरांच्या मापाने कापलेल्या चौकोनात त्यांची कोंडी होते. रुकार अर्धा कापला गेला तर सौंदर्यशास्त्र बाजूलाच राहते, शब्दच बदलतो.

छापील मराठी गद्याचा इतिहास या संदर्भात आठवावा. मुद्रण आले तेव्हा विरामचिन्हे आली, परिच्छेद आले, आणि त्यांच्याबरोबर इंग्रजी वाक्यरचनेचे वळणही आले. त्या वळणाशी झगडत, त्यातले उपयुक्त ते पचवीत आपले गद्य घडले. आता वाक्याच्या तोडणीचे नवे नियम येत आहेत, आणि या वेळी ते व्याकरणाच्या पुस्तकातून न येता यंत्राच्या चौकटीतून येत आहेत, म्हणून ते नियम आहेत हेच ध्यानात येत नाही. त्यांकडे दुर्लक्ष केले तर मराठी वाक्य हळूहळू चौकोनाच्या मापाचे होईल: आखूड, सरळ, अपेक्षा न ताणणारे. बिघडलेले वाक्य दुरुस्त करता येते. परंतु आपले वाक्य कसे होते याचाच विसर पडला, तर दुरुस्त काय करावयाचे?

६

सारांश, सरकत्या कथनाला केवळ नवलाई म्हणून डोक्यावर घेणे आणि केवळ क्लृप्ती म्हणून झिडकारणे, हे दोन्ही मार्ग चुकीचे होत. त्याच्या प्रत्येक कृतीला तीन प्रश्न विचारावे. ही हालचाल काढून घेतली तर आशयाचे काही नष्ट होते काय? वाचकाला हवे तेथे थांबण्याची आणि मागे फिरण्याची मुभा आहे काय? आणि वाक्य ज्या भाषेचे आहे त्या भाषेच्या श्वासाप्रमाणे ते तोडले आहे काय? सूर्यमालेचा पट पहिल्या प्रश्नाला निःशंकपणे उतरतो. पटुआंचे घडीचे पुस्तक दुसऱ्याला. तिसऱ्या प्रश्नाला पूर्णपणे उतरणारी मराठी कृती अद्याप माझ्या पाहण्यात आलेली नाही.

ती यावी अशी परिस्थिती मात्र आहे. पिंगुळीची पोथी आणि तंजावरची भिंत ज्यांच्या परंपरेत आहेत, त्यांना चित्राच्या बरोबरीने वाक्य कसे चालवावे हे कोणाकडून शिकावे लागू नये. पटुआ चित्रावर बोट ठेवतो तेव्हा ते बोट श्रोत्याला धरून नेते, पण ओढीत नाही. पडद्यावर ते बोट आता वाचकाचे स्वतःचे झाले आहे. त्याला कोठे न्यावयाचे हे ठरविताना लेखक आणि अनुवादक रचनाकाराच्या शेजारी बसलेले असावेत, एवढीच या लेखाची मागणी आहे.